दांत्यांचा हिशेब

साठी उलटलेल्या शिक्षकानें आकाशवाणीवर येऊन खेळण्याची हकीकत सांगावी, हें आपल्यापैकीं कित्येकांस पोरकट वाटेल. परंतु या खेळण्यानें माझ्या अध्यापनांतील एक उणीव मला दाखवून दिली, आणि तें सुधारण्यास खर्चही फारसा आला नाहीं. म्हणून आपलीं थोडीं मिनिटें मी मागून घेतों.

माझ्या नातवाला वाढदिवशीं बिनतारी लहरींनीं चालणारी एक मालमोटार मिळाली. मुलें तिला ट्रक म्हणतात. मीही तसेंच म्हणेन. हातांतील रिमोटची कळ दाबावी आणि गाडीनें दूरवर धांवावें, ही करामत वाटते तितकी नवी नाहीं. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत एक लहान नौका अशीच दुरून चालवून दाखविली होती. आमचा ट्रक घरांतील फरशीवर बाणासारखा सुटे. परंतु दारापुढील पायरीला फळी टेकवून तिच्यावर चढविला, कीं निम्म्यावर थबके, आंतून कण्हल्यासारखा आवाज येई, आणि मोटारीला बोट लावल्यास चटका बसे.

नातू म्हणाला, "आजोबा, ह्याची मोटारच कमजोर आहे. मोठी बसवूं या, नाहींतर दुसरा ट्रक घेऊं." दुकानदाराचाही सल्ला तोच पडला. मीं मान हलविली खरी, पण मन खाऊं लागलें. तरफ, कप्पी आणि दंतचक्र हे पाठ मीं तीस वर्षें वर्गांत शिकविले. फळ्यावर आकृत्या काढल्या, व्याख्या पाठ करून घेतल्या, गुण दिले. मात्र एखादें यंत्र खोलून मुलांच्या हातीं कधीं दिलें नाहीं. स्वतःही खोलून पाहिलें नाहीं. "तुम्हांला हें येतं ना, आजोबा?" असें नातवानें विचारलें, तेव्हां "येतं" म्हणतांना माझी जीभ अडखळली.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे बसलों. प्रथम बॅटरी काढून बाजूस ठेवली. हें कोणींही विसरूं नये. चार स्क्रू काढतांच आंतील रचना दिसली. मोटारीच्या आंसावर एक इवलेंसें दंतचक्र, म्हणजे बाजारांतील भाषेंत गिअर, आणि त्याला लागून एक मोठें दंतचक्र. दोहोंचे दांते मोजायचे ठरलें. नातवानें मोठ्याचे ४७ मोजले, मीं ४८. मग एका दांत्याला शाईचा ठिपका देऊन पुन्हां मोजलें, ४८ भरले. लहानाचे १६. म्हणजे मोटार तीन वेळां फिरे तेव्हां मोठें चक्र एकदां फिरे.

येथेंच सारें मर्म आहे. खंडाळ्याचा घाट चढतांना चालक खालच्या गिअरवर येतो, हें आपण पाहिलें आहे. त्या वेळीं इंजिन वेगानें फिरतें, चाकें सावकाश फिरतात, पण त्यांचा जोर वाढतो. जितकी गति सोडावी, तितकें बल पदरीं पडतें; फुकट कांहींच मिळत नाहीं. आमच्या ट्रकची मोटार दुबळी नव्हती. तिला नेहमीं वरच्याच गिअरवर घाट चढावा लागत होता. विजेची मोटार अडून राहिली म्हणजे सर्वांत अधिक वीज ओढते, आणि ती सारी उष्णतेंत जाते. चटका बसे तो याचमुळें.

आतां लहान चक्र १६ ऐवजीं १० दांत्यांचें घेतलें तर? ४८ ला १० नें भागिलें, ४·८ आले. पूर्वीच्या ३ शीं ताडून पाहतां जोर १·६ पट होणार आणि वेग पांच-अष्टमांश राहणार. हा हिशेब नातवानें आपल्या वहींत स्वतः केला.

चक्र विकत घेतांना दांत्यांचा आकार मात्र जुळला पाहिजे. त्याची ओळख सोपी आहे. चक्राचा बाहेरचा व्यास मिलिमीटरांत मोजावा, दांत्यांच्या संख्येंत दोन मिळवावे, आणि व्यासाला त्या बेरजेनें भागावें. आमच्या १६ दांत्यांच्या चक्राचा व्यास ९ मिलिमीटर; ९ भागिले १८, म्हणजे अर्धा. या मापाला मॉड्यूल म्हणतात. मोटारीचा आंस २ मिलिमीटर जाडीचा होता. पुण्यांतील तापकीर गल्लींत "अर्धा मॉड्यूल, दहा दांते, दोन मिलिमीटर भोंक" एवढें सांगतांच प्लॅस्टिकच्या चक्रांची पुडी समोर आली. सिलिकॉनच्या ग्रीसची लहान नळीही घेतली. रिक्षाचें भाडें धरूनही दोनशे रुपये लागले नाहींत.

जुनें चक्र काढतांना हातोडी वापरूं नये, आंस वांकतो. दोन चपटे स्क्रूड्रायव्हर दोन्ही बाजूंनीं चक्राखालीं सारून हलकेंच उचकटलें, तों तें निघालें. माझ्या पाठांतील तरफ ती हीच! नवें चक्र लहान असल्यामुळें मोठ्या चक्रापर्यंत पोहोंचेना. हिशेबानें मोटार दीड मिलिमीटर जवळ सरकवावयास हवी होती. तेव्हां तिच्या दोन्ही स्क्रूंचीं भोंकें आणि मधल्या गळ्याचें भोंक बारीक गोल कानशीनें तेवढीं लांबट केलीं.

आणि येथें माझी फजिती झाली. दांते घट्ट बसले तर काम पक्कें, असें समजून मीं मोटार दाबून आंवळली. कळ दाबतांच चक्रें किंचाळूं लागलीं आणि मोटार पूर्वीपेक्षांही तापली. दांत्यांना दांत्यांत फिरण्यास किंचित् मोकळीक लागते. मग वहीच्या कागदाची एक पट्टी दोन चक्रांच्या मध्यें घातली, मोटार तिच्याशीं टेकवून स्क्रू आंवळले आणि चक्रें फिरवून पट्टी बाहेर काढली. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली, किंचाळणें थांबलें. दांत्यांना ग्रीसचा हात दिला आणि झांकण लावलें.

ट्रक फळी चढून वर गेला. मोटार केवळ कोमट झाली होती. परंतु नातवाचा चेहरा उतरला. ज्या गॅलरींतून ट्रक ५ सेकंदांत पार होई, तेथें आतां ८ सेकंद लागले. "हळू झाला, आजोबा!" मीं म्हटलें, "वही काढ." त्यानें ८ ला ५ नें भागिलें आणि एकाएकीं उद्गारला, "एक पूर्णांक सहा! हें तर आपलंच उत्तर!" लगेच पुढचा प्रश्न आला, "मग खऱ्या ट्रकला दोन्ही कसं जमतं?" उत्तर मीं दिलें नाहीं. थोडा विचार करून तोच म्हणाला, "त्यांच्यांत चक्रांच्या पुष्कळ जोड्या असतील, लागेल ती लावायची." तीस वर्षांत कोणा विद्यार्थ्याकडून मीं इतकें समाधान मिळविलें नव्हतें.

पुढें शेजारच्या बांधकामाच्या वाळूवर ट्रक पुन्हां अडला. मागचें एक चाक अधांतरीं होऊन गरगर फिरे, आणि वाळूवरचें चाक स्वस्थ बसे. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावें लागतें, म्हणून दोन चाकांमध्यें डिफरन्शिअल नांवाची चक्रांची योजना असते. वाहनासाठीं अशी योजना पेक्वर या फ्रेंच कारागिरानें १८२७ च्या सुमारास केली. पण एक चाक मोकळें होतांच याच योजनेंतून सारी गति त्याच्याकडे पळते. आम्ही त्या लहान चक्रांमध्यें गरम गोंदाच्या कांडीचा गोंद भरला. दोन्ही चाकें जखडलीं आणि वाळूंतून ट्रक निघाला. अर्थात् याचीही किंमत आहे: फरशीवर तो आतां रुंद वळण घेतो, चाकें घसटतात आणि आंसावर ताण पडतो. नको वाटल्यास हा गोंद स्पिरिटनें सुटतो. झटकन् चिकटणारा गोंद मात्र तेथें घालूं नये. तो पुन्हां निघणें कठीण.

श्रोतेहो, माझे जुने विद्यार्थी आज संसारांत आहेत. त्यांपैकीं कोणी हें ऐकत असल्यास मला त्यांना एवढेंच सांगावयाचें आहे कीं, दंतचक्राचा तो पाठ मीं तुम्हांला अर्धाच शिकविला. उरलेला अर्धा तुमच्या घरांत, माळ्यावर टाकलेल्या एखाद्या खेळण्यांत, चार स्क्रूंच्या आड पडून आहे. नवें आणण्यापूर्वीं एकदां बॅटरी काढा, तें खेळणें उघडा, आणि दांते मुलांकडून मोजून घ्या.