खिशातली चकमक

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लबरूममध्ये झालेल्या, रहिवाशांच्या छंदांवरील कार्यक्रमातील भाषण)



कमिटीला मी माझा विषय सांगितला तेव्हा जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग एक सदस्य म्हणाले, "काका, सिगारेट लायटर? मुलांसमोर?" प्रश्न रास्त होता. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. माझ्याकडे आज ५३ लायटर आहेत आणि एकातही पेट्रोल नाही. ते सगळे त्या टेबलावर मांडले आहेत. सिगारेटचं समर्थन करायला मी इथे उभा नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आमच्या आजोबांच्या चंचीत तंबाखूशेजारी चकमक असे. गारगोटीचा तुकडा, पोलादाची पट्टी आणि थोडा कापूस. आपल्याला वाटतं ठिणगी दगडातून निघते. तसं नाही. गारगोटीची धार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत जळतो, तीच ठिणगी. लायटरमध्ये बरोबर उलटा प्रकार आहे. लायटरचा 'खडा' म्हणून पानवाल्याकडे जो मिळायचा तो दगड नाहीच, तो धातू आहे! आणि चाक पोलादाचं, कानशीसारखे दाते असलेलं. अंगठ्याने चाक फिरवलं की खड्याचा कीस निघतो नि पेट घेतो.

हा खडा शोधला ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. पेटंट १९०३ सालचं. हे गृहस्थ तुम्हाला परके नाहीत. पूर्वी वरातीत डोक्यावर पेट्रोमॅक्सच्या बत्त्या घेऊन माणसं चालत, आठवतं? त्या बत्तीत जे पांढरं मेंटल बांधायचे ते मूळ यांचंच, रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यांसाठी केलेलं. मेंटलला थोरियम लागे आणि ते मोनाझाइट नावाच्या वाळूतून काढत. त्या वाळूत थोरियम थोडं आणि सेरियमसारखे धातू भरपूर. थोरियम काढून घेतलं की बाकीचा माल पडून. त्या पडून राहिलेल्या मालात लोखंड मिसळून वेल्सबाखनी मिश्रधातू केला, तो नुसता खरवडला तरी ठिणग्या पडतात. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

आणि ही वाळू कुठली? सुरुवातीला ब्राझीलची वगैरे. पण १९०९ मध्ये एका जर्मन रसायनतज्ज्ञाला ती आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली आणि मणवाळकुरिचीहून जहाजं भरून वाळू परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर थोरियमचं मोल अणुऊर्जेमुळे कळलं. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली आणि १९५२ मध्ये केरळात आलुव्याला तिचा कारखाना सुरू झाला. तेव्हा त्या टेबलावरच्या एखाद्या इंग्लिश लायटरच्या चाकाखाली आपल्या किनाऱ्याची वाळू घासली गेली असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

ठिणगीचा प्रश्न असा सुटला, पण लायटर पेटवायला दोन हात लागत. एका हाताने टोपण काढा, दुसऱ्याने चाक फिरवा, मग टोपण शोधा. पुढची तीस वर्षं जगभरच्या कारागिरांनी या एका अडचणीशी झटापट केली, आणि माझ्या संग्रहाचा खरा विषय तोच आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातले सैनिक बंदुकीच्या रिकाम्या काडतुसांचे लायटर करत. ऑस्ट्रियाच्या इम्को कंपनीचे सुरुवातीचे लायटरही काडतुसाच्या नळकांड्यांचेच. लंडनच्या डनहिलचा पहिला नमुना दोघा कारागिरांनी चक्क कोलमनच्या मोहरीच्या डब्यात बसवला होता. त्याचं चाक आडवं, वरून अंगठा सहज पोचेल असं. पुढे त्याच लायटरला सोन्याचांदीचे साज चढले. स्वित्झर्लंडची थोरेन्स तर मुळात संगीतपेट्या बनवणारी कंपनी. आपल्याकडच्या तबकडीशौकिनांना तिचं नाव ग्रामोफोनमुळे माहीत आहे, पण तिचे लायटरही असेच नाजूक, घड्याळजीच्या हातचे वाटतात.

अडचण पुरती सोडवली अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरच्या लुई ॲरन्सन यांनी. त्यांचा १९२६ चा रॉन्सन 'बॅन्जो'. एकच कळ. दाबली की चाक फिरतं, टोपी वर उचलली जाते, ज्योत पेटते. सोडली की टोपी खाली बसून ज्योत विझते. मूळ बॅन्जो माझ्याकडे नाही, मला परवडायचाही नाही. पण त्याच तऱ्हेचा नंतरचा रॉन्सन आहे. कार्यक्रमानंतर ज्याने त्याने दाबून पाहावा. त्या कळीत जे डोकं लढवलंय ते सांगून कळत नाही, अंगठ्यालाच कळतं.

आता झिप्पो. देखणेपणात तो डनहिलच्या जवळपासही येत नाही. एक चौकोनी डबी, वर बिजागरीचं झाकण. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड या तेलविहिरींच्या गावी जॉर्ज ब्लेझडेल नावाच्या गृहस्थांनी एका मित्राच्या हातात ऑस्ट्रियन लायटर पाहिला. बोजड, झाकण वेगळं निघणारं, पण वाऱ्यात न विझणारा. त्यांनी तो आटोपशीर केला, झाकणाला बिजागरी लावली आणि ज्योतीभोवतीची भोकांची चिमणी तशीच ठेवली. चिमणीचं काम आपल्या कंदिलाच्या काचेसारखं, हवा आत येते पण वाऱ्याचा झोत अडतो. आत कापूस आणि त्यातून वर आलेली वात. निरांजनात तूप चढतं तसं वातीतून पेट्रोल चढतं. कंपनी १९३२ ची, पहिले लायटर १९३३ चे, किंमत एक डॉलर पंच्याण्णव सेंट. अमेरिकेत तेव्हा मंदीने लोकांचं कंबरडं मोडलेलं. अशा वेळी या माणसाने जाहीर केलं की लायटर कधीही बिघडला तरी आम्ही फुकट दुरुस्त करून देऊ.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. गॅरंटीचे कागद किती केले त्याला गणती नाही. बँक गॅरंटी हातात आली की तीन गोष्टी आधी बघायच्या: रक्कम किती, मुदत कधी संपते, क्लेम कधीपर्यंत करायचा. तारीख उलटली की कागदाची रद्दी. इथे मात्र मुदतच नाही. बिल नको, पहिला मालक असायला हवा असंही नाही. माझ्यासारख्या ऑफिसरने असला कागद सहीला पुढे केला असता तर मॅनेजरने विचारलं असतं, "बरं वाटत नाहीये का?"

आता माझ्या थोरल्या भावाबद्दल. आम्ही त्याला दादा म्हणत असू. तो मर्चंट नेव्हीत इंजिनियर होता. झिप्पो त्याने सिंगापूरला घेतला, आणि "एकोणसत्तर साली, पहिल्याच सफरीत" असं तो छातीठोकपणे सांगे. झिप्पोच्या तळाला वर्षाची खूण असते. १९६६ ते १९७३ पर्यंत उभ्या रेषा: पहिल्या वर्षी आठ, मग दर वर्षी एकेक कमी. दादाच्या लायटरवर तीन रेषा, म्हणजे १९७१. मी हे दाखवलं तर म्हणाला, "तू बँकवाला, तुला माणसापेक्षा शिक्का खरा."

दादा दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. २००३ साली फुप्फुसाच्या विकाराने गेला. शेवटची दीड वर्षं ऑक्सिजनवर होता. घरात सिलिंडर म्हणून वहिनी देवापुढे निरांजनसुद्धा लावत नसत. नुसती वात घालून ठेवायच्या, न पेटवता. दिवस झाल्यावर त्यांनी तो झिप्पो माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "भाऊजी, हा माझ्या घरात नको. तुमच्याकडे आहेत तेवढे, त्यात असू दे."

पुढे काही वर्षांनी माझ्या नातवाच्या हातून तो फरशीवर पडला आणि बिजागरी तुटली. पुतणी, म्हणजे दादाचीच मुलगी, न्यूजर्सीला असते. तिने तो ब्रॅडफर्डला पाठवला. काही आठवड्यांनी परत आला, नवी बिजागरी बसवलेला, पैसे शून्य. डबी मूळची, तळाच्या तीन रेषा जशाच्या तशा. मी हौसेने वहिनींना दाखवायला नेला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, म्हणाल्या, "लायटरला जन्मभराची गॅरंटी होय?" आणि चहा ठेवायला आत गेल्या. मला त्यावर काही बोलता आलं नाही, अजूनही येत नाही.

मुलांनो, मघाच्या काकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. डबी करणाऱ्याने आपला शब्द पाळला. डबीने जे पेटवायचं त्याची गॅरंटी कुणीच दिली नव्हती.

तळाच्या खुणा आणखी एका कामाला येतात. जुन्या बाजारात, म्हणजे आपल्या पुण्याच्या बुधवार-रविवारच्या, एकाने मला 'व्हिएतनाम युद्धातला' झिप्पो दाखवला. वर एका सैनिकाचं नाव कोरलेलं, खाली १९६८. भाव साडेतीन हजार. मी उलटा करून पाहिला तर तळाला तिरक्या रेषा. तिरक्या रेषा १९७४ पासूनच्या! तो म्हणतो, "साहेब, नाव बघा ना, तळ कशाला बघताय?" चेक वठवणाऱ्या माणसाला हा सल्ला! हसून परत दिला. हल्ली अशा कोरलेल्या नकला फार आहेत, घेणाऱ्याने जपून घ्यावं.

श्रीमंती लायटरांचा एकच किस्सा सांगतो. पॅरिसची ड्युपाँ ही मुळात प्रवासी पेट्या करणारी पेढी. कंपनीच्या इतिहासात असं नोंदलंय की १९४१ साली पतियाळाच्या महाराजांनी शंभर सोन्याच्या छोट्या शृंगारपेट्यांची ऑर्डर दिली आणि प्रत्येकीत एक लायटर हवा म्हणून सांगितलं. त्यातून ड्युपाँ लायटरच्या धंद्यात आली. तिच्या झाकणाचा 'क्लिंग' आवाज शौकीन कान लावून ऐकतात. माझ्याकडे ड्युपाँ नाही. पेन्शनमध्ये बसत नाही.

सरकारलाही लायटर कधी साधे वाटले नाहीत. १९३४ साली इंग्रज सरकारने काडेपेटीवर एक्साइज बसवली आणि लोक लायटरकडे वळून महसूल बुडू नये म्हणून त्याच वर्षी मेकॅनिकल लायटर्स एक्साइज ड्यूटी ॲक्ट केला. आणि २०२३ मध्ये आपल्या सरकारने वीस रुपयांच्या आतल्या लायटरच्या आयातीवर बंदी घातली. का? तर शिवकाशी-कोविलपट्टीचे काडेपेटीवाले बुडत होते. नव्वद वर्षांनी तेच भांडण. फक्त तेव्हा काळजी तिजोरीची होती, आता कामगारांची आहे. दुसरी मला अधिक पटते.

ते स्वस्त लायटर म्हणजे बिकच्या १९७३ च्या प्लॅस्टिक लायटरचे वंशज. गॅस संपला की फेकायचे. त्यांनी जुन्या कंपन्यांचं दिवाळं काढलं. एवढा मोठा रॉन्सन, पण २०१० साली त्याचा लायटरचा धंदा झिप्पोनेच विकत घेतला. फेकायच्या लायटरशी माझं भांडण नाही, गॅसच्या शेगडीला आमच्याकडेही तसलाच आहे. पण तो जमवावासा वाटत नाही.

आता कामाचं. तुमच्या घरी आजोबांचा एखादा लायटर असेल तर ब्रासो लावू नका, मुलामा निघून जातो आणि किंमतही. गाडीचं पेट्रोल घालू नका. आणि खडा आधी काढा. आपल्या दमट हवेत तो फुगतो, भुगा होतो आणि नळीत गच्च बसतो. खालचा स्क्रू काढून खडा सहज पडला तर उत्तम. नाहीतर बारीक ड्रिलचं पातं हाताने, मशीनने नव्हे, हळूहळू फिरवून भुगा काढायचा. मला एकदा यात तीन दुपारी लागल्या होत्या.

प्रत्येक लायटर कधी, कुणाकडून, कितीला घेतला याची नोंद त्या लाल रजिस्टरात आहे. माझ्यानंतर काय, असं सौभाग्यवती विचारतात. दादाचा झिप्पो पुतणीकडे जाईल, तसं लिहून ठेवलंय. बाकीच्यांचं ठरायचं आहे. आपल्यापैकी कुणा तरुण मुलाला किंवा मुलीला यंत्राची आवड असेल तर त्यांनी रविवारी सकाळी ए विंगमध्ये माझ्याकडे यावं. एक बंद पडलेला इम्को मुद्दाम खोलून ठेवला आहे, तो जुळवून दाखवायचा. टेबल रात्री साडेनऊपर्यंत मांडलेलं राहील, सगळ्यांना हात लावून पाहायला हरकत नाही.