तंबू, राहुटी आणि पाल



शिबिरात तंबू उभारण्याचे काम ज्याने एकदा केले आहे, त्याला मेख, खांब आणि तणावा हे शब्द शिकवावे लागत नाहीत. तणावा म्हणजे तंबू ताणून धरणारी दोरी. सुती दोरी रात्रीच्या पावसाने आखडते, आणि ती वेळीच सैल केली नाही तर मेखा उखडून सारा डोलारा खाली येतो. शिबिर हा शब्द संस्कृत. अमरकोशाने कापडाच्या घराला ‘दूष्य’ असे नाव दिले आहे, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सैन्याचा तळ कसा आखावा यावर स्वतंत्र अध्याय आहे. तेव्हा तंबू ही वस्तूच परक्या फौजांबरोबर या देशात आली, हा समज खरा नव्हे. शामियाना, कनात यांसारखे शब्द मात्र फौजांच्या आणि दरबाराच्या भाषेबरोबर आले, आणि आज ते कुणालाही परके वाटत नाहीत.

प्रत्येक शब्दाचे काम वेगळे आहे. शामियाना म्हणजे खांबांवर ताणलेले शोभिवंत छत. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली ती अशाच शामियान्यात, आणि तो शिवाजी महाराजांनी मुद्दाम थाटाने सजविला होता. कनात म्हणजे कापडाची भिंत. राहुटी लहान, सुटसुटीत. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांच्या मुक्कामी ती आजही दिसते. जुन्नर तालुक्यात नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन जत्रेची सुपारी ठरवतात. एकच कापड, पण खाली बसलेला मनुष्य बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

मराठी भाषेने या कापडाचा वापर फार दूरवर नेला आहे. शत्रूच्या हालचाली कळतात त्या त्याच्या ‘गोटातून’. गोट म्हणजे सैन्याचा तळ. पाहुणा ‘डेरेदाखल’ होतो. नको असलेला पाहुणा ‘तंबू ठोकून’ बसतो! क्रिकेटचा फलंदाज बाद झाला की वृत्तपत्रांत तो ‘तंबूत परततो’, मग मैदानावर सिमेंटची तीन मजली इमारत का असेना.

कापडाचे डेरे कधी कधी दगडाचे होतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला. तळ हलला नाही. तेथे पेठा वसल्या, वाडे उभे राहिले आणि त्या शहराचे नाव आजही ‘लष्कर’ असेच आहे. शीख गुरू हरराय यांचे पुत्र रामराय यांनी दूनच्या खोऱ्यात डेरा दिला, त्यावरून डेहराडून झाले. पुण्यातील इंग्रजांची छावणी ‘कॅम्प’ या नावाने आज शहराचा एक भाग आहे. चार दिवसांच्या मुक्कामासाठी आलेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा पत्ता मागे ठेवला.

पण याच भाषेत आणखी एक शब्द आहे, आणि तो सुशिक्षितांच्या तोंडी क्वचितच येतो. तो शब्द म्हणजे पाल. आठवडी बाजारात व्यापारी पाल लावतो आणि संध्याकाळी गुंडाळून घरी जातो. भटक्या-विमुक्त समाजातील कुटुंबाला मात्र पाल गुंडाळून जाण्यासाठी दुसरे घर नसते. चार काठ्या, एक फाटके कापड, अलीकडे प्लॅस्टिक. त्यातच बाळंतपण, त्यातच लग्न, त्यातच मृत्यू. गावात चोरी झाली की पोलिसांची पहिली नजर पालाकडे वळते. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा करून संपूर्ण जातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यांना नोंद करावी लागे, हजेरी द्यावी लागे. सोलापुरात तर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातील वसाहत होती. 1952 साली हा कायदा गेला आणि ते ‘विमुक्त’ झाले. शिक्का समाजाच्या मनातून गेला काय, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या गावाच्या वेशीवर जाऊन शोधावे.

विमुक्त व भटक्या जमातींना महाराष्ट्रात सवलती आहेत. त्या मिळवायच्या तर जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा हवा. ज्याचा आजा पाल गाढवावर लादून गावोगाव हिंडला, त्याने त्या दिवशीचा पत्ता कोठून आणायचा? जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, सातबारा तर नाहीच. शासनाने स्थानिक चौकशी करून दाखले देण्याचे मार्गही काढले आहेत. पण ती चौकशी करण्यास कुणीतरी पालापर्यंत चालत जावे लागते.

तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीची निवासी शाळा आणि ठिकठिकाणच्या ‘पालावरच्या शाळा’ येथूनच सुरू होतात. मूल शाळेत येत नाही, तेव्हा शाळा पालाशी जाते. कार्यकर्त्याचे पहिले काम फळा टांगण्याचे नसते. कोणत्या पालात किती मुले, त्यांची नावे काय, वये काय, याची यादी त्याला करावी लागते. अनेकदा त्या मुलाचे नाव कागदावर पहिल्यांदा उमटते ते त्या यादीत.