ऐकूं येणें आणि ओळखूं येणें

बेलापूर सोडून पनवेलच्या दिशेनें निघालेल्या लोकलमध्यें पुढील स्थानकाची घोषणा होऊं लागते. ‘खा’ एवढाच ध्वनि कानीं पडतांच डुलक्या घेणाऱ्या प्रवाशाच्या मनांत खारघर आणि खांदेश्वर हीं दोन्ही नांवें जागीं होतात. पाठोपाठ ‘र’ येतो आणि खांदेश्वर मागें पडतें. शब्द पुरा होण्यापूर्वींच मन अशा रीतीनें इतर शब्द गाळीत जातें, हा सिद्धांत विल्यम मार्स्लेन-विल्सन या मानसशास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत मांडला.

मात्र कोणत्या ध्वनीवरून शब्द गाळावयाचा, हें ज्याची त्याची भाषा ठरविते. ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘पळ’ आणि ‘फळ’ यांत प्रमाण मराठीच्या कानाची गल्लत होत नाहीं. तमिळ भाषेंत ‘प’ आणि ‘फ’ यांच्या भेदानें अर्थ बदलत नाहीं. म्हणून वाशीस नव्यानें राहावयास आलेल्या तमिळभाषी गृहस्थाचा कान येथें सहज अडखळतो. परंतु मराठी माणसानें त्यास हंसूं नये. तमिळमध्यें ‘तलवार’ आणि ‘जगणें’ या अर्थांचे दोन शब्द केवळ शेवटच्या ध्वनीनें वेगळे होतात. मराठी कानाला दोन्ही ठिकाणीं ‘वाळ’ असेंच ऐकूं येतें.

ही मर्यादा जन्मजात नव्हे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदींतील ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकूं आले. वर्षाच्या सुमारास मात्र तो भेद बहुतेकांना उमगेना. घरांत ज्या भेदाला किंमत नाहीं, त्याकडे दुर्लक्ष करावयास कान शिकतो.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली, त्यापूर्वींपासून या भूमीवर नांदणाऱ्या आगरी घरांतहि हेंच घडत आलें आहे. आगरी बोलींत ‘पाणी’चें ‘पानी’, ‘डोळा’चा ‘डोला’ आणि ‘गाडी’ची ‘गारी’ होते. त्या बोलींत वाढलेलें मूल शाळेंत श्रुतलेखनाच्या वेळीं ‘वेळ’ ऐकून ‘वेल’ लिहितें, तेव्हां त्याला मंद किंवा निष्काळजी ठरविण्याची घाई होते. वस्तुतः तें आपल्या घरच्या ध्वनिव्यवस्थेप्रमाणें चोख ऐकत असतें. शिक्षकानें रागें भरण्याऐवजीं ‘वेळ झाली’ आणि ‘वेल वाढली’ अशीं वाक्यें जोडीनें पुनःपुन्हां ऐकवावीं. नवा भेद मोठेपणींहि शिकतां येतो. त्यासाठीं घरची बोली टाकावी लागत नाहीं.