रीसलिंगची आंबट-गोडी



मी जालना एमआयडीसीत सळईच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. भट्टीतल्या रसाचा नमुना तपासायचा, हे माझं रोजचं काम. जानेवारी-फेब्रुवारीत सुट्टीला मी कडवंची गावातल्या आमच्या द्राक्षबागेत असतो आणि तिथेही नमुनाच तपासतो. मणी चिमटीत पिळायचा, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब पाडायचा, झाकण लावून उजेडाकडे धरायचं. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, 16-17 दिसला की व्यापाऱ्याला फोन.

जर्मनीचं नाव आमच्या गावाला नवं नाही. 1996 च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून इथे काम सुरू झालं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि तिथले विजयअण्णा बोराडे पाठीशी होते, गावानं अंग झाडून साथ दिली. चर खोदले, बांध घातले, पाणी मुरलं; मग कोरडवाहू रानात द्राक्षाचे मांडव चढले. ज्या देशाच्या मदतीनं आमच्याकडे द्राक्षं आली, त्या देशाची द्राक्षं कशी, हे समजून घ्यावंसं मला फार वाटायचं. आज तेच सांगणार आहे.

आपल्या थॉमसन किंवा सोनाका द्राक्षाला उन्हाची कमी नाही. गोडी भरते, पण ऊन वाढलं की मण्यातला आंबटपणा भराभर उतरतो. जर्मनीत उलट. तो मुलुख 50 अक्षांशाच्या आसपासचा, ऊन तिरकं, हवा थंड. आंबटपणा टिकून राहतो, गोडीसाठी मात्र शेतकऱ्याला झगडावं लागतं. तिथली वाइन समजायची तर एवढं एक ध्यानात धरा.

म्हणून तर मोझेल नदीकाठी बागा उभ्या कड्यांवर आहेत. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट डोंगराचा उतार काही ठिकाणी 60 अंशांच्याही वर जातो. चढायचं म्हटलं तरी छाती भरून येते. पण दक्षिणेकडे तोंड केलेल्या त्या उतारावर तिरकं ऊन सरळ पडतं, आणि पायाखालचा पाटीचा काळा दगड ते साठवून ठेवतो. आपल्या एमआयडीसीत भट्टी बंद केली तरी तिच्या विटा कितीतरी वेळ ऊब देत राहतात, तसा हा दगड रात्री वेलीला शेकतो.

या उतारांची राणी म्हणजे रीसलिंग. 1435 सालच्या एका कागदात तिच्या रोपांच्या खरेदीची नोंद सापडते. पांढरं, लहान मण्यांचं, उशिरा पिकणारं हे द्राक्ष. तिच्या वाइनला सफरचंदाचा, पीचचा, कधी लिंबाच्या सालीचा वास येतो. उशिरा पिकणं हीच तिची जोखीम, म्हणून 1882 मध्ये गायझेनहाइमला हेर्मान म्युलर यांनी लवकर पिकणारा संकर केला: म्युलर-थुर्गाऊ. रीसलिंगचा जोडीदार सिल्वानर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे डीएनए तपासल्यावर तो मादलेन रोयाल निघाला. लाल वाणांत श्पेटबुर्गुंडर, म्हणजे फ्रान्सचं पिनो न्वार, आणि गडद रंगाचा डोर्नफेल्डर. तरीही माझा जीव रीसलिंगमध्येच अडकतो.

बाटलीवरचे लांबलचक शब्द पाहून घाबरू नका. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही काढणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलं होतं त्याची नावं. आपण ब्रिक्स म्हणतो, ते ओक्सले म्हणतात. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके ओक्सले. 70 ओक्सले म्हणजे साधारण 17 ब्रिक्स. म्हणजे आमच्या बागेतला व्यापारी येण्याचा आकडा! मात्र पिकलेल्या द्राक्षाची वाइन गोडच असते असं नाही. सगळी साखर यीस्टनं खाल्ली तर वाइन कोरडी होते. लेबलवर ‘ट्रोकन’ लिहिलेलं असलं की ती कोरडी.

श्पेटलेझे म्हणजे उशिराची काढणी. योहानिसबर्गच्या मठात 1775 मध्ये काढणीची परवानगी आणणारा स्वार उशिरा पोचला, तोवर द्राक्षांवर बुरशी चढली होती, आणि वाइन अप्रतिम झाली, असं सांगतात. आपण बुरशीला किती भितो! तिथे काही बागांत हीच बुरशी मण्यातलं पाणी उडवून गोडी दाट करते.

आणि आइसवाइन. घड वेलीवरच ठेवायचे, पारा उणे 7 अंश किंवा त्याखाली गेला की अंधारातच तोडायचे आणि गोठलेलेच दाबायचे. लहानपणी आपण गारीगार चोखायचो तेव्हा गोड रंग तोंडात यायचा आणि काडीवर पांढरा बर्फ उरायचा, आठवतं? तसंच. पाण्याचा बर्फ यंत्रात मागे राहतो, थेंबथेंब निघतो तो दाट रस. त्यात साखर भरमसाट, पण रीसलिंगचा आंबटपणाही तितकाच दाट, म्हणून गोडी जिभेला मिठी मारत नाही.

पुढच्या हंगामात माझ्या बागेतल्या मण्याची गोडी मोजून झाली, की त्याचा आंबटपणाही मोजून पाहणार आहे. त्यासाठी लागणारी काचेची नळी कारखान्यातल्या कपाटात आहेच.