टाळूची खिडकी



तान्ह्या बाळाची टाळू तेलाने भरण्याचा परिपाठ आपल्या घरोघरी आहे. त्या मऊ जागी डोक्याची हाडे अद्याप जुळलेली नसतात. पुढची टाळू बहुधा दीड वर्षाच्या सुमारास बुजते. तोवर ती मेंदूत डोकावण्याची खिडकीच होय.

मेंदूच्या आतील पोकळ्यांत पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो व अरुंद वाटेने बाहेर पडतो. काही अर्भकांत ही वाट जन्मतःच चिंचोळी असते. मग पाणी तुंबते, पोकळ्या फुगतात, मेंदू दडपला जातो आणि डोके वाजवीपेक्षा झपाट्याने वाढू लागते.

हे आतले दृश्य पाहावे कसे? १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण गवसले; परंतु त्यांत हाड दिसे, मेंदू दिसत नसे. अमेरिकन शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली त्या पोकळ्यांत हवा भरून छायाचित्र घेण्याची युक्ती काढली. मोठी क्लेशदायक! पुढे १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने इंग्लंडात प्रथमच रुग्णाचा मेंदू दाखविला. तान्ह्यासाठी मात्र सर्वांत सौम्य साधन सोनोग्राफीचे. ध्वनिलहरी हाडातून नीट जात नाहीत, टाळूतून जातात. भूल नको, किरणांचे भय नको. अधिक बारकावा हवा असल्यास एमआरआय करतात. दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, बाळाच्या झोपेतच तो पुष्कळदा साधतो. दोष दिसल्यास साचलेले पाणी बारीक नळीने पोटाकडे वळविता येते. प्रत्येक मूल पूर्ण बरे होतेच असे नाही. पण विलंबाने हानी वाढते, हे निश्चित.

आता मनातील सल सांगतो. आमचे शिरूर कासार बीड जिल्ह्यातले. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा कायदा १९९४ चाच. तरी याच सोनोग्राफीचा आपण दुरुपयोग केला. दोष यंत्राचा नव्हे, आपल्या बुद्धीचा. तेच यंत्र जन्मलेल्या लेकीच्या टाळूवर टेकविले, तर तिचा जीव राखावयास साह्य करते. मुलाचे डोके मोठे दिसताच बीडला धावावयाचे आणि मुलीचे दिसले तर ‘होईल बरे’ म्हणावयाचे, हा भेद आता तरी नको.

म्हणून मायबहिणींनो, टाळू भरताना बोटांनी पारखत जा. बाळ शांत असतानाही ती फुगीर व ताठ लागली, वांत्या होऊ लागल्या, डोळे खालीच वळलेले राहिले, तर डॉक्टरांकडून डोक्याचा घेर मोजून घ्या. खिडकी उघडी आहे तोवरच आत पाहणे सोपे.