पट्ट्यावर नाव, तर घरातही जागा
(महिला मेळाव्यात तरुण कार्यकर्तीने केलेले भाषण)



वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने, असं कायदाच सांगतो. पण नवऱ्याने दारू पिऊन मारलं, रात्री घराबाहेर काढलं, तर त्या नावाचं बाईने काय करायचं? प्लॉट राखला तिने, फॉरेस्टवाल्यापुढे उभी राहिली ती, आणि बाहेरही तीच?

मग पंच बसतात. नवऱ्याला दंड करतात, बाईला सांगतात, जा परत. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नीट समजून घ्या. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेला असंच हाकलता येत नाही. आपल्याकडे पुष्कळ जोडपी लग्न न लावता संसार करतात. नवरा-बायकोसारखे एका घरात राहत असतील तर त्या बाईलाही हा कायदा लागतो. नुसता मारच नाही, तर शिवीगाळ, जबरदस्ती, खर्चाला पैसे न देणं, हीसुद्धा हिंसाच.

अर्ज मॅजिस्ट्रेट कोर्टात करायचा. शहरात फॅमिली कोर्टात नवरा-बायकोची केस चालू असेल तर तिथेही हेच मागता येतं. बाई माहेरी असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. संरक्षण अधिकारी अर्ज करून देतो, तिच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं. वकील विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, बाईची कमाई बघत नाहीत.

मारू नको, घरात राहू दे, खर्च दे, पोरं आईकडे दे, असे हुकूम कोर्ट देऊ शकतं. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून पहिल्याच दिवशी तात्पुरता हुकूम मागा. संरक्षणाचा हुकूम नवऱ्याने मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

पंचांना माझं सांगणं आहे, तुम्ही बसा, पण मार खाल्लेल्या बाईला समजूत घालून परत पाठवू नका. आणि बायांनो, तारखेला तिला एकटीला सोडू नका. मोर्च्याला आपण गाडी भरून जातो ना? मग तिच्याबरोबर कोर्टात दोघी-तिघी तरी जाऊ या.

जिंदाबाद!