संगणकाची आरास : कोणती आणि कोणासाठी?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या संगणक समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपले आराध्य दैवत लेखनिकही आहे. तेव्हा त्याच्या उत्सवात लिहिण्याच्या साधनाविषयी बोलणे वावगे ठरू नये. आजचे ते साधन म्हणजे संगणक. आमचा विषय एवढाच : जुन्या संगणकांवर लिनक्स घालायचे ठरले, तर त्यातला डेस्कटॉप कोणता निवडायचा?

हा प्रश्न आत्ता का आला? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आपल्या अनेक घरांतले आणि मंडळाच्या वाचनालयातले संगणक या अटीत बसत नाहीत. ते बिघडलेले नाहीत, नुसते जुने आहेत. चालते यंत्र भंगारात देणे आपल्याला परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. तो कोणालाही वापरता येतो, वाटता येतो, बदलता येतो. पण गाभा डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतात त्या खिडक्या, मेनू, खालची पट्टी, चित्रे. या सगळ्याला डेस्कटॉप म्हणतात. मूर्ती तीच, आरास मात्र प्रत्येक घरी वेगळी, असे समजा. विंडोजमध्ये आरास मूर्तीबरोबरच येते. लिनक्समध्ये ती आपण निवडतो, आणि नवख्या माणसाची अडचण इथेच सुरू होते. केडीई, जीनोम, एक्सएफसीई, माटे, सिनॅमन, एलएक्सक्यूटी... इतके प्रकार कशाला?

याचे उत्तर आपल्याला कळायला सोपे आहे, कारण एका गल्लीत दोन मंडळे कशी होतात हे आपण पाहिले आहे. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या माथियास एट्रिश यांनी केडीईची हाक दिली. पण त्याचा पाया असलेले क्यूटी हे साधन तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हते. ते ज्यांना खटकले त्यांनी १९९७ मध्ये जीनोम सुरू केले. पुढे २००० मध्ये क्यूटीही मुक्त परवान्याखाली आले, भांडणाचे कारण संपले, पण तोवर दोन्ही मंडळांचे कार्यकर्ते, रीत आणि चाहते ठरून गेले होते. २०११ मध्ये जीनोमने तिसऱ्या आवृत्तीत सगळी मांडणीच बदलली. जुनी मांडणी आवडणाऱ्यांनी ती 'माटे' नावाने जिवंत ठेवली, तर लिनक्स मिंटच्या मंडळींनी नव्या पायावर जुन्या वळणाचे 'सिनॅमन' उभे केले. म्हणजे ज्याला बदल मान्य नव्हता, त्याला तक्रार करत बसावे लागले नाही. मुक्त प्रणालीत हा हक्क खरा असतो.

आता निवड कशी करायची? आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : यंत्रात ताकद किती? दोन जीबी रॅम असेल तर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. चार जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा माटे सुखाने चालतात. आठ जीबी असेल तर यांतले काहीही घ्या. मात्र एक ध्यानात ठेवा. हलका डेस्कटॉप घेऊन वाचते त्याहून जास्त रॅम ब्राउझरच्या दहा टॅब खाऊन टाकतात. म्हणून जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर डेस्कटॉप बदलण्यापेक्षा जास्त फरक जाणवतो.

दुसरा प्रश्न : समोर बसणार कोण? ज्यांनी वर्षानुवर्षे विंडोज वापरले, त्यांचा हात आपोआप डाव्या कोपऱ्यातल्या खालच्या मेनूकडे जातो. त्यांना सिनॅमन, केडीई किंवा एक्सएफसीई परके वाटत नाहीत. जीनोम नीटनेटके आहे, पण तिथे खिडकी खाली घालवायचे बटणसुद्धा सुरुवातीला दिसत नाही. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना ते लवकर जमते, आजोबांना चुकल्यासारखे होते. एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप ठेवून प्रवेश करताना हवा तो निवडताही येतो, फायली त्याच राहतात. पण मग दोघांचे प्रोग्राम एकाच मेनूत दाटी करतात, म्हणून सार्वजनिक संगणकावर एकच ठेवावा. ठरवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. डिस्कवरच्या कशालाही हात न लावता प्रत्येकाचा अनुभव घेता येतो.

तिसरा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा : मराठी नीट लिहिता येते का? 'आचार्यांना मानधन' आणि 'आचाऱ्यांना मानधन' यांतला फरक महाप्रसादाच्या हिशेबात केवढा पडेल पाहा! दिलाशाची गोष्ट अशी की अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ नावाचे एकच साधन या सगळ्या डेस्कटॉपमध्ये करते. त्यामुळे 'ऱ्य', 'ळ', 'ॲ' सगळीकडे सारखेच उमटतात. फाँटमध्ये सोय असेल आणि भाषा मराठी निवडली असेल, तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. फरक पडतो तो टंकनाच्या सोयीत. इन्स्क्रिप्ट कळफलक सगळीकडे थेट मिळतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहायचे असेल, तर आयबस लागते. ते जीनोममध्ये जोडलेलेच असते, इतरत्र आपण जोडायचे.

इन्स्क्रिप्टचा आग्रह आम्ही धरतो त्याला इथले खास कारण आहे. भारतीय लिप्यांसाठी त्याची मांडणी एकच आहे. ज्या कळीवर मराठीचा 'क', त्याच कळीवर तेलुगूचाही 'क'. १९५६ मध्ये राजुरा आणि किनवट पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. आपली मुले शाळेत तेलुगू आणि घरी मराठी बोलतात. त्यांना एकदा बोटे बसवली की दोन्ही भाषा हाती येतात. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी हस्तलिखितांत सापडलेली गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. तिचा नोटो फाँट मोफत मिळतो. शेजारच्या गोंड मुलाला त्याच्या लिपीतले पान वाचनालयातल्या संगणकावर दिसू शकते. ही सोय कोणत्याही आराशीपेक्षा मोठी आहे.

एक अडचणही सांगतो. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. तो फाँट नसेल तिथे तो मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. छापखान्याचे काम अजून त्याच पद्धतीने चालते, म्हणून एक विंडोज संगणक आम्ही तसाच ठेवणार आहोत, फक्त इंटरनेटपासून दूर.

बाकीच्या संगणकांसाठी आमची शिफारस लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीची आहे. समितीतल्या तरुणांना केडीई जास्त आवडते. त्यात करण्यासारखे खूप आहे, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण संगणक बसवणारी मुले उद्या नोकरीला हैदराबाद, नागपूर, पुण्याला जातील. मागे राहतील ती वाचनालय उघडणारी मंडळी. एक्सएफसीईच्या अलीकडच्या आवृत्त्या २०२०, २०२२ आणि २०२४ च्या डिसेंबरात आल्या, आणि दरवेळी बदल बेतानेच झाला. आज शिकवलेले चार वर्षांनीही उपयोगी पडेल. निवड बसवणाऱ्याच्या आवडीने नव्हे, रोज वापरणाऱ्याच्या सोयीने व्हावी, एवढेच आमचे सूत्र.

तरुणांच्या उत्साहालाही काम आहे. जीनोम आणि केडीईचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केले आहे, पण ते अजून पूर्ण नाही. तेलुगूसाठी हैदराबादेत 'स्वेच्छा'ची मंडळी असे काम करत आली आहेत. दोन्ही भाषा जाणणारी आपली मुले दोन्हीकडे हातभार लावू शकतात. मेनूतला एक शब्द मराठीत आणला, तर तो आदिलाबादपासून अमेरिकेपर्यंत प्रत्येक मराठी माणसाच्या पडद्यावर दिसतो. वर्गणी पैशांचीच असते असे थोडेच आहे?

आरतीनंतर वाचनालयात पेनड्राइव्ह लावून दोन संगणक ठेवले आहेत. ज्येष्ठांनी आधी बसावे, मुलांनी मागे उभे राहून त्यांना विचारू द्यावे. आपले मत वहीत लिहून ठेवा, अंतिम निर्णय सर्वांच्या बैठकीत होईल.

गणपती बाप्पा मोरया!